बाटल्यांचा हिशेब

माझं भंगाराचं दुकान आहे. दुकान म्हणजे बारा बाय पंधराचा पत्र्याचा गाळा. पुढं वजनकाटा, मागं पोत्यांची थप्पी. पुण्यात, रेल्वेलाईनीच्या कडंला. कागद, पुठ्ठा, लोखंड, प्लास्टिक, काच. आसपासच्या वस्त्यांतल्या चाळीस-पन्नास बाया सकाळी कचरा वेचतात, निवडतात आणि दुपारी माल माझ्याकडं आणतात. मी तोलतो, पैसे देतो, संध्याकाळी टेम्पो भरून मोठ्या व्यापाऱ्याला घालतो. मधला फरक माझा. त्यावर घर चालतं.

त्या फरकातला एक भाग मी दर वर्षी एका व्यसनमुक्ती केंद्राला देतो. ह्याच्यावर लिही म्हणून संपादक मित्र मागं लागला. म्हणाला, आपली माणसंही देतात हे लोकांना कळू दे. मी म्हटलं, अरे, ही देणगी नाही, माझ्या अंगावरचं देणं आहे. तो म्हणाला, मग तेच लिही.

आधी बाटलीचं सांगतो. कारण पिऊन झाल्यावर बाटली कुठं जाते हे पांढरपेशा माणसाला ठाऊक नसतं. त्याच्या लेखी ती संपली.

आमच्याकडं बाटलीला किलोचा भाव नसतो, नगाचा असतो. बियरची बाटली नगावर. क्वार्टर आणि निप शेकड्यावर. खंबा वेगळा. फुटली की मग ती नुसती काच, तिला किलोचा भाव, आणि तोही अगदी फालतू. म्हणून पिणारा बाटली फोडतो आणि वेचणारी बाई तीच जपून, मध्ये चिंध्या घालून आणते. मी ती कंपनीवार निवडतो, बारदानात भरतो. पुढं ती धुवायला जाते. धुऊन पुन्हा कारखान्यात. नवं बूच, नवं लेबल, पुन्हा दुकानात. आता देशी प्लास्टिकच्या बाटलीतनंही येते, त्यामुळं काच थोडी कमी झाली. पिणं कमी झालेलं नाही. हे मला कुठल्या पाहणीनं सांगायला नको, मी पोती मोजतो.

पोत्यांना हंगाम असतो. गटारीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, १ जानेवारीला गाळ्यात पाय ठेवायला जागा राहत नाही. आणि १५ एप्रिलला. हे लिहू नये असं वाटतं. विरोधकांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं. पण आपल्या पानांवर नाही लिहायचं तर कुठं लिहायचं? १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची एक आहे. पंचशीलात पाचवं शील तेच आहे. त्याच्या आधी, १८८० साली, जोतीरावांनी ह्याच पुण्याच्या नगरपालिकेला दारूची दुकानं वाढू लागली म्हणून पत्र लिहिलं होतं. आणि आमच्या वस्तीतनं १५ एप्रिलला मी नऊ पोती उचलतो. निळ्या झेंड्याखाली नाचलेली पोरं ती. त्यांना शिव्या घालायला तोंड उघडतं आणि मग दादा आठवतो. तोंड मिटतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ.

आई आम्हाला घेऊन पुण्यात आली ती १९७२ च्या दुष्काळात, बीडकडनं. मी दोन वर्षांचा, दादा सहाचा. बाप सुरुवातीला हमाली करायचा. मग एक दिवस हमाली, दोन दिवस पिणं. मग नुसतंच पिणं. आईनं पोतं खांद्यावर घेतलं आणि उकिरडे धरले. दादा आठ-नऊ वर्षांचा झाला तसा तोही तिच्या मागं. बाटल्यांचं खातं त्याच्याकडं. गुत्त्याच्या मागं, हॉटेलांच्या मागं, मैदानाच्या कडंला तो फिरायचा.

बाटली कितीही रिकामी केली तरी तळाला थोडी राहतेच. बापानं पोराला शिकवून ठेवलं होतं. बाटल्या घरी आल्या की सगळ्यांच्या तळाची एका बाटलीत ओतायची. देशी, इंग्लिश, बियर, सगळं एकत्र. तीस-चाळीस बाटल्यांतनं पाव बाटली जमायची. बापाचा तेवढा खर्च वाचायचा. आई बघायची आणि काही बोलायची नाही, कारण वाचलेले पैसे तिच्या कनवटीला राहायचे. त्या पैशाचं पीठ यायचं. मी ती भाकरी खाल्लेली आहे. ओतता ओतता दादानं जिभेला कधी लावली, हे आम्हाला कुणालाच कळलं नाही. पुढं केंद्रात ताईंनी विचारलं, पहिल्यांदा कधी घेतली? तर तो म्हणाला, "चौथीत व्हतो." मी बाजूलाच बसलो होतो.

१९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. आईला फोटोचं ओळखपत्र मिळालं. ते ती बाबासाहेबांच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवायची. हवालदारानं चोर म्हटलं की तेच काढून पुढं धरायची. "मी चोर न्हाई, कामगार हाय." त्यानंतर तीनेक वर्षांनी मी गाळा घेतला. दादा तोवर झाडूखात्यात कायम झाला होता. त्याच्या आधी बरीच वर्षं तो एका ठेकेदाराकडं गटारीच्या कामावर होता. चेंबरमध्ये उतरायच्या आधी मुकादम स्वतः क्वार्टर द्यायचा. मजुरीत धरून. शुद्धीतला माणूस त्या घाणीत उतरत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. हातानं मैला काढायला लावू नये म्हणून १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला, त्यात गटारीत उतरवणंही आलं. क्वार्टर देणाऱ्याबद्दल त्यात काही असेल असं वाटत नाही. दादा म्हणायचा, "आमी पिऊन उतरतो आन् उतरून पितो. मधी टाइम कुठं हाय?"

वहिनीनं काय काय केलं ते लिहिलं तर वेगळा अंक काढावा लागेल. उपास केले, अंगारे आणले. एकदा तीन दिवस घरात कोंडून ठेवला, कडी लावून. दुसऱ्या रात्री त्याला फिट आली. तोंडाला फेस. आम्हाला वाटलं नाटक करतोय. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर फिट येते, भास होतात, माणूस मरूही शकतो. हे औषधाखालीच तोडावं लागतं. आणि एकदा कुणीतरी तिला गोळ्या आणून दिल्या. चहात घाल म्हणाला, न सांगता. तिनं घातल्या. संध्याकाळी दादा पिऊन आला तो तोंड लालभडक, छाती धडधडतेय, उलट्या. रिक्षात घालून दवाखान्यात नेला. डॉक्टर वहिनीवर ओरडले. ती गोळी माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं द्यायची असते, पोटात गोळी असताना दारू पडली तर जीव जाऊ शकतो. वहिनी कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी. मारायला निघालेली बाई ठरली ती, वाचवता वाचवता.

२०१४ साली आम्ही त्याला केंद्रात नेलं. दादा स्वतःच्या पायानं आला, एवढं खरं. फी ऐकल्यावर मी वहिनीकडं बघितलं आणि वहिनीनं माझ्याकडं. तिथल्या समुपदेशक ताई म्हणाल्या, "जेवढं जमेल तेवढं भरा. बाकीचं कुणीतरी भरलेलं आहे." मी विचारलं, कुणी? "ते विचारायचं नसतं, काका." मला ते खटकलं. आपल्या माणसाला असं काही फुकट मिळालं की पोटात गोळा येतो. कुणाचे उपकार? उद्या कोण दारात येऊन उभा राहणार?

पहिला आठवडा वाईट. हात असे थरथरायचे की चहाची वाटी तोंडापर्यंत जाईना. रात्री भिंतीवर मुंग्या दिसायच्या, तो त्या झाडत बसायचा. गोळ्या, बी-वनची इंजेक्शनं, सलाईन. दारूनं शरीरातलं हे जीवनसत्त्व खलास झालेलं असतं म्हणे, ते नाही दिलं तर डोक्यावर परिणाम होतो. आठव्या-नवव्या दिवशी त्यानं भाजी तिखट आहे म्हणून तक्रार केली. वहिनी रडली. पंचवीस वर्षांत त्यानं जेवणाला नाव ठेवलं नव्हतं, कारण चवच कळत नव्हती.

आणि संडासाची गोष्ट. केंद्रात सगळी कामं पेशंटनीच करायची, पाळीपाळीनं. झाडणं, भांडी, संडास. पाटीवर नावं लागायची, नुसती पहिली नावं. एका आठवड्यात दादाच्या जोडीला एक बागायतदार होता, मोठ्या घराण्यातला, गावात वाडा असलेला. संडासाची पाळी आली तसा तो दादाला म्हणाला, "तू करून टाक, मी तुला पैसे देतो." दादानं खराटा त्याच्या हातात दिला. म्हणाला, "मी भाईर ह्याचाच पगार घेतो. हितं सुट्टीवर आलोय." तो माणूस हातात खराटा घेऊन थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग दादानं त्याला शिकवलं. पाणी कसं मारायचं, कोपरा कसा घासायचा. हे दादा मला भेटीच्या दिवशी सांगत होता आणि हसत होता, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कामाचा तो उस्ताद ठरला होता.

पाच आठवड्यांनी सुटला. आता दर आठवड्याला मीटिंगला जायचं होतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. हे १९३५ साली अमेरिकेत निघालं, आता जगभर आहे. एका शाळेच्या वर्गात संध्याकाळी जमतात. एकेक जण उठतो, पहिलं नाव सांगतो, मी मद्यपाशी आहे म्हणतो आणि स्वतःचं बोलतो. आडनाव कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. त्यांनी ते लाजेखातर ठेवलंय, गुप्त राहावं म्हणून. मला त्याचं भलतंच काही वाटलं. आपल्या देशात माणूस नाव विचारतो ते आडनावासाठी. नुसत्या पहिल्या नावावर माणसं एका बाकावर बसलेली मी बुद्धविहाराबाहेर पहिल्यांदा बघितली.

एकदा घरच्यांना बोलावलं होतं, मी गेलो. शेवटी कापडी थैली फिरली. जो तो मूठ आत घालायचा, किती टाकले दिसत नाही. माझ्यापुढं आली, मी शंभराची नोट घातली. थैली धरणाऱ्या माणसानं ती काढली आणि परत माझ्या हातात ठेवली. "तुमचा पैसा चालत नाही."

मी तिथंच थिजलो. गावाकडचा वाणी डोळ्यांपुढं आला. आई सांगायची ते. पैसे पायरीवर ठेवायला लावून त्यावर पाणी शिंपडणारा. अंगातलं रक्त डोक्यात चढलं. मी उठलो तसा दादानं शर्ट धरला. "बस. तसं न्हाई ते."

मग चहा पिताना त्याच माणसानं समजावलं. हे लोक बाहेरच्या कुणाचा पैसा घेत नाहीत. मंत्र्याचा नाही, कंपनीचा नाही, सभासदाच्या भावाचाही नाही. हॉलचं भाडं, चहा, पुस्तकं, सगळा खर्च जे सोडतायत त्यांनीच करायचा. तसा दंडकच आहे. ज्याचा पैसा घ्याल त्याचं ऐकावं लागतं. मी नोट घडी करून खिशात घातली. इतकी वर्षं आम्ही चळवळीत स्वाभिमान, स्वाभिमान म्हणून ओरडलो आणि निवडणूक आली की कुणाकुणाच्या गाडीत बसलो. हे बेवडे लोक शंभर रुपये परत करत होते.

पण केंद्र तसं चालू शकत नाही. डॉक्टर, औषधं, दोन वेळचं जेवण, लाईट बिल. तिथं येणाऱ्याच्या खिशात काही उरलेलंच नसतं. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं तेव्हा अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेलं वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैसा पुढं केला होता. मोठी माणसं. वाचून कळवळली, मोठ्या मनानं दिलं. सरकारकडं ह्या कामाला खातं आहे ते सामाजिक न्यायाचं. म्हणजे आपल्या पोरांची शिष्यवृत्ती आणि दारुड्यांचं पुनर्वसन एकाच टेबलावर. दारूचा महसूल मात्र दुसऱ्या खात्यात जमा होतो, त्याला न्यायाशी काही देणंघेणं नाही.

दादा चौदा महिने राहिला. राहिला म्हणजे न पिता राहिला.

त्या चौदा महिन्यांचं थोडं सांगतो. पगार वहिनीच्या हातात. पत्रा काढून घराला स्लॅब पडला. धाकटीला तो शाळेत सोडायचा, तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर. आईचा शेवटचा उन्हाळा होता तो. तिचे पाय सुजायचे, दादा तेल लावून चोळायचा. आई मला हळूच म्हणाली, "ह्यो माजाच हाय का रं?" संध्याकाळी ड्युटीवरनं तो गाळ्यावर यायचा, कागद निवडायला मदत करायचा. बाटल्यांच्या पोत्यांना मात्र हात लावायचा नाही. पाठ करून बसायचा.

मला तेव्हा अक्कल यायला हवी होती. माझा गाळा म्हणजे दारूचाच वास. चाळीस-पन्नास पोती, प्रत्येक बाटलीच्या तळाला थेंबभर. ताईंनी त्याला बजावलं होतं, गुत्त्याच्या रस्त्यानं जायचं नाही, पिणाऱ्या मित्रांत बसायचं नाही. भावाच्या दुकानात बसायचं नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. मलाही सुचलं नाही. मला वाटायचं, माझ्या नजरेसमोर आहे, बरं आहे.

२०१५ चा पावसाळा. टेम्पो नाक्यावर बंद पडला म्हणून मी गेलो. दादा एकटा गाळ्यात. तासाभरानं आलो तर तो तसाच पाठ करून बसलेला. वास आला. मी म्हटलं, दादा? तो म्हणाला, "पोत्यांचा वास हाय." मी मान्य केलं. मला मान्य करायचं होतं. पोत्यातली एक क्वार्टर अर्धी भरलेली होती, असं त्यानं दोन महिन्यांनी कबूल केलं. आणि मग म्हणाला, "तळाची ओतत बसलो व्हतो. ल्हानपनीसारकी."

नंतर पुन्हा केंद्र झालं. पुन्हा पाच आठवडे. ह्या वेळी तीन महिने टिकला. २०१७ साली कावीळ झाली, पोटात पाणी, शेवटी रक्ताची उलटी. एक्कावन्नाव्या वर्षी गेला. ताई मातीला आल्या होत्या. मी त्यांना गाळ्यातली गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "काका, माणूस त्या एका घोटानं घसरत नाही. घसरण आधीच सुरू झालेली असते, आठवडे-महिने. घोट शेवटी येतो." त्यांच्या अभ्यासाप्रमाणं ते खरंच असेल. पण गाळा माझा होता.

त्या वर्षी मी वेगळी वही घातली. बाटल्यांत घेतले किती, दिले किती, फरक किती. वर्षअखेरीला फरक झाला १३,६४० रुपये. ठरवलं, हा पैसा घरात येऊ द्यायचा नाही. बायकोला सांगितलं. पोरगी तेव्हा नर्सिंगला होती, फी तटलेली. बायको म्हणाली, "जिथं जाऊन मानूस वाचलं न्हाई तिथं पैसं?" मी म्हटलं, चौदा महिने वाचला होता. ती काही बोलली नाही. मग विचारलं, "एका मानसाला तिथं खर्च किती येतो?" मी म्हटलं, पंधरा हजार सांगतात. "मंग कमी पडत्यात की तुजं." मी म्हटलं, तू घालतेस का? तर म्हणाली, "मी कशाला? ज्यानं गुत्त्याला लायसन दिलं त्यो घालंल." पोरीची फी तिनं बचतगटातनं काढली, ती फेडायला तिला दीड वर्ष लागलं. हेही हिशेबात लिहिलं पाहिजे.

मी रोख घेऊन गेलो. भंगाराचा धंदा रोखीचा, नोटा मळलेल्या. कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं, दोन हजारांच्या वर रोख दिली तर ऐंशी-जीची सवलत मिळणार नाही, चेक द्या. मी म्हटलं, सवलत नको, पावती द्या. पावतीवर "दान" छापलेलं. मी म्हटलं, हा शब्द खोडा. बाई हसल्या. मी हसलो नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी दारोदार हात पसरून शिळं मागून आणलंय, त्याला गाव दान म्हणत होतं आणि पुण्य घेत होतं. दहा पारमितांत दान आहे हे मला माहीत आहे, आणि ते दान वेगळं हेही माहीत आहे. पण छापील पावतीवर तो फरक दिसत नाही. बाईंनी पेनानं खोडून "जमा" लिहिलं. भली बाई.

मग विश्वस्तांपैकी एक वयस्कर गृहस्थ आले. पैसा कशाचा म्हणाले. मी सरळ सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. दारूच्या कंपन्यांचा, गुत्तेवाल्यांचा पैसा घ्यायचा नाही असा त्यांचा नियम होता, आणि नियम चांगला आहे. पण आता माझा पैसा कशात बसवायचा? दहा दिवस तो तसाच पाकिटात राहिला. दहा दिवस मी वाट बघत होतो की पुन्हा एकदा कुणीतरी म्हणणार, तुमचा पैसा चालत नाही. शेवटी ताईंचा फोन आला. "घेतला, काका. भरलेल्या बाटलीचा आम्ही घेत नाही, रिकामीचा चालतो." बोलायला बरं वाटतं. पण रिकामी बाटली काल भरलेली होती आणि माझ्याकडनं गेली की धुऊन पुन्हा भरणार आहे, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही माहीत असणार.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या वर्धापनदिनाला बोलावलं. स्टेजवर खुर्ची. एक कारखानदार, एक बिल्डर, मध्ये मी. शाल, नारळ. निवेदिका माझ्याबद्दल म्हणाली, समाजाच्या तळागाळातून आलेले हे सद्गृहस्थ स्वतः कचऱ्यात राहून... पुढचं मी ऐकलं नाही. टाळ्या फार जोरात पडल्या, बिल्डरपेक्षा जोरात. मला खाली बसलेली ती पोरं दिसत होती, हात थरथरणारी, नवी आलेली. त्यांतल्या एकाला वाटलं असेल की ह्याच्या खाटेवर झोपलोय मी. तेव्हाच सांगून टाकलं, पुन्हा बोलवू नका आणि भिंतीवरच्या पाटीत नाव घालू नका. कारण दादा ज्या खाटेवर झोपला तिचे पैसे कुणी भरले, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानं कुणाला हात जोडले नाहीत. तो नुसता बरा होत होता.

तेव्हापासून दर वर्षी देतोय. कोविडच्या वर्षी १,१०० सुद्धा झाले नाहीत. तेवढेच दिले. वर घातले नाहीत, खाली ठेवले नाहीत. आता गाळ्यात नियम आहे, बाटली आत यायच्या आधी बाहेरच्या मोरीत उपडी करायची. बाया कुरकुरतात, वेळ जातो म्हणून. एक म्हातारी म्हणाली, "थेंब थेंब वततोस, कुनाच्या नावानं?"

दादाच्या जागी आता त्याचा थोरला आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशीनं सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. बापाचा खराटा पोराच्या हातात, हाच आपला वारसा हक्क. पोरगा बी.कॉम. आहे. मी नको म्हटलं, वहिनी म्हणाली, कायमची नोकरी आहे, घर कसं चालवू? तिचं बरोबर आहे. संध्याकाळी ड्युटी संपली की तो गाळ्यावर येतो, बापासारखा. मी त्याला तीनदा सांगितलं, येऊ नकोस. तो म्हणतो, "काका, घरी बसून काय करू?" मोबाईलवर बायांना पैसे पाठवायचं काम त्याच्याकडं दिलंय. पण बाटल्यांचं पोतं आलं की तो मोबाईल ठेवतो आणि स्वतः मोरीकडं घेऊन जातो. एकेक बाटली उपडी करतो. मी काट्यावर बसून त्याच्या हाताकडं बघत राहतो. गिऱ्हाईक काय म्हणतंय तिकडं लक्ष नसतं माझं. परवा एका बाईला तीन किलो पुठ्ठ्याचे पैसे कमी दिले गेले त्या नादात, ते आज द्यायचेत.